रात्री उशाशी कोण थांबणार? : पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या फिजिओथेरपीचा एक प्रकरण अभ्यास

रुग्ण आणि परिस्थिती

नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहणारे, छापखान्यातून निवृत्त झालेले ६६ वर्षांचे गृहस्थ जठराच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी पाच आठवडे आमच्या फिजिओथेरपी विभागात आले. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. येथे त्यांना काका आणि त्यांच्या पत्नीला काकू म्हटले आहे, कारण विभागातही आम्ही त्यांना तसेच हाक मारत होतो.

काकांनी तीस वर्षे विडी ओढली होती आणि निदान झाले त्या दिवशी ती सोडली होती. दर पंधरा दिवसांनी एक याप्रमाणे केमोथेरपीच्या चार फेऱ्या त्यांनी पार केल्या होत्या. त्यात वजन ६१ किलोवरून ५४ वर आले होते. बरगड्यांच्या मधोमध सुरू होऊन बेंबीपर्यंत येणारा छेद घेऊन जठराचा खालचा मोठा भाग काढायचा आणि उरलेला भाग लहान आतड्याला जोडायचा, असे ठरले होते. त्यानंतर केमोथेरपीच्या आणखी चार फेऱ्या व्हायच्या होत्या. आमच्या कामाच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची होती. ही उपचारपद्धती ज्या जर्मन चाचणीमुळे रूढ झाली आणि जिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्या चाचणीतही शस्त्रक्रियेनंतरची केमोथेरपी सुमारे ६० टक्के रुग्णांनीच सुरू केली आणि सर्व फेऱ्या पूर्ण करणारे तर ४६ टक्केच होते. शस्त्रक्रिया उत्तम झाली, पण माणूस अंथरुणातून उठला नाही, तर अर्धा उपचार कागदावरच राहतो. म्हणून काका घरी कधी जातात याहून ते सात-आठ आठवड्यांत पुढची केमोथेरपी सोसण्याइतके सावरतात का, हा आमचा प्रश्न होता.

काकांचा स्वतःचा प्रश्न वेगळा होता. पुण्यात पालखी आली की दुसऱ्या मुक्कामानंतर तिच्याबरोबर दिवे घाट चढून सासवडपर्यंत जाण्याचा त्यांचा अनेक वर्षांचा नेम होता. शस्त्रक्रिया मेच्या मध्यावर होती आणि पालखी जूनमध्ये येणार होती. "घाट राहू दे, पण लक्ष्मी रस्त्यापर्यंत तरी माझ्या पायांनी जाता येईल का?" असे त्यांनी पहिल्याच भेटीत विचारले. ते वाक्य आम्ही उद्दिष्टाच्या रकान्यात जसेच्या तसे लिहून घेतले.

फुप्फुसाचे नेमके काय होते

पूर्ण भूल दिल्यावर माणूस उताणा असतो, स्नायू सैल पडतात आणि श्वास सोडल्यानंतर फुप्फुसात उरणारी हवा कमी होते. त्यामुळे पाठीकडच्या भागातले वायुकोश काही मिनिटांतच मिटतात. पूर्ण भूल दिलेल्या सुमारे ९० टक्के रुग्णांत हे थोड्याफार प्रमाणात घडते. बहुतेकांत ते आपोआप सुधारते. पण छेद वरच्या पोटावर असेल तर श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या मुख्य स्नायूला, मिळणारी चालनाच काही दिवस मंदावते. हा परिणाम केवळ दुखण्यामुळे होत नाही, त्यामुळे वेदना पूर्ण शमवली तरी तो राहतोच. पहिल्या दिवशी खोल श्वासाची क्षमता आधीच्या निम्म्यावर येते आणि पूर्ववत व्हायला आठवडाभर किंवा थोडा अधिक काळ लागतो. त्यात खोकला दाबून धरला, पडून राहिले आणि कफ सुटला नाही, तर मिटलेल्या भागात जंतुसंसर्गाला वाव मिळतो.

पायांचे वेगळेच. अमेरिकेतल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस केवळ अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो स्नायू कमी झाले. त्यांना ना शस्त्रक्रिया झाली होती ना आजार. आपल्याकडे "आता आराम करा" हे वाक्य मायेने म्हटले जाते आणि ते म्हणणाऱ्याचा हेतू शंभर टक्के चांगला असतो. तरीही मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात रुग्णाचे सर्वाधिक नुकसान याच वाक्याने होते, असे माझे अनेक वर्षांच्या अनुभवानंतरचे मत आहे.

शस्त्रक्रियेआधीचे पाच आठवडे

या काळाची आखणी करताना आमच्यासमोर तीन अभ्यास होते. नेदरलँड्समध्ये हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेआधी किमान दोन आठवडे श्वास आत ओढण्याच्या स्नायूंचा रोज वीस मिनिटे व्यायाम करवून घेतला, तेव्हा फुप्फुसांच्या गुंतागुंती ३५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्या. हा अभ्यास २००६ चा. बार्सिलोनात २०१८ मध्ये पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या, जोखीम जास्त असलेल्या रुग्णांना आधी चालण्याचा आणि ताकदीचा कार्यक्रम दिला, तेव्हा गुंतागुंत झालेल्यांचे प्रमाण ६२ टक्क्यांऐवजी ३१ टक्के राहिले. मला स्वतःला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधला ४४१ रुग्णांचा अभ्यास. त्यात फिजिओथेरपिस्टने शस्त्रक्रियेआधी रुग्णाला फक्त एकदा, ३० मिनिटे भेटून, फुप्फुसाचे काय होणार आहे आणि शुद्ध आल्याबरोबर दर तासाला कोणते श्वास घ्यायचे, हे समजावून सांगितले. तुलनेच्या गटाला केवळ माहितीपुस्तिका मिळाली. शस्त्रक्रियेनंतर दोन्ही गटांना सारखेच लवकर उठवून चालवले आणि श्वसनाची वेगळी फिजिओथेरपी कोणालाच दिली नाही. पुस्तिका मिळालेल्या गटात २७ टक्के रुग्णांना फुप्फुसांची गुंतागुंत झाली, तर भेट मिळालेल्या गटात १२ टक्क्यांना. यंत्र नाही, औषध नाही. अर्ध्या तासाचे नीट केलेले बोलणे, एवढाच फरक होता.

याच्या उलट सांगणारा पुरावाही दृष्टीआड करू नये. माँट्रियलमध्ये आतड्याच्या कर्करोगाच्या ११० अशक्त रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आधी व्यायाम केलेल्यांत आणि नंतर व्यायाम केलेल्यांत ३० दिवसांतल्या गुंतागुंतींचा फरक दिसला नाही. त्यामुळे पूर्वतयारी म्हणजे हमखास गुण, असे आम्ही काकांना सांगितले नाही.

पहिल्या तपासणीत काका सहा मिनिटांत ३४८ मीटर चालले. या चाचणीसाठी ३० मीटर लांबीचा सरळ बोळ लागतो. आमच्या विभागाबाहेरचा बोळ २४ मीटरच भरतो, आणि वळणे जास्त झाली की अंतर थोडे कमी येते. म्हणून हा आकडा इतर ठिकाणच्या आकड्यांशी न ताडता काकांच्याच पुढच्या आकड्यांशी ताडायचा, असे ठरले. खुर्चीतून हात न टेकवता अर्ध्या मिनिटात ते नऊ वेळा उठले.

पुण्यात मेचे ऊन सकाळी नऊलाच जाणवू लागते, म्हणून चालणे पहाटे सहाला ठेवले. घरून ओंकारेश्वराच्या देवळापर्यंत जायचे आणि परत यायचे, धाप लागावी पण दोन शब्द बोलता यावेत इतक्या वेगाने. आठवड्यातून तीन दिवस खुर्चीतून उठबस, भिंतीला हात टेकून दंड आणि जिन्याच्या दोन फेऱ्या. श्वास ओढण्याच्या व्यायामासाठी, हवा आत घेताना अडथळा देणारे उपकरण विभागातून दिले. आहारतज्ज्ञांनी रोज ७० ग्रॅमच्या आसपास प्रथिने पोटात जातील असा आहार थोड्या थोड्या वेळाने सहा वेळा दिला. पाचव्या आठवड्याच्या अखेरीस काका ३९६ मीटर चालले आणि अर्ध्या मिनिटात बारा वेळा उठले.

आमचा अर्ध्या तासाचा वर्ग शस्त्रक्रियेच्या आठ दिवस आधी झाला. काकू समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. औषधाच्या दुकानातून आणलेले, तीन गोळे असलेले श्वासाच्या व्यायामाचे यंत्र काकांनी पिशवीतून काढले आणि त्यात जोराने फुंकर मारली. निम्म्याहून अधिक रुग्ण हेच करतात. हे यंत्र फुंकण्यासाठी नाही, हवा आत ओढण्यासाठी असते. पहिला गोळा सेकंदाला ६०० घनसेंटिमीटर, दुसरा ९०० आणि तिसरा १२०० वेगाने हवा ओढल्यावर उचलला जातो. तिन्ही गोळे झटक्याने वर फेकण्यापेक्षा एकच गोळा संथपणे धरून ठेवलेला बरा, हे काकांना तेव्हा समजले. पण वरच्या पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर या यंत्रामुळे गुंतागुंती टळतात असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही. सर्व चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यातही तो मिळाला नाही. म्हणून मी ते बाजूला ठेवले आणि त्यांचा हात त्यांच्याच बरगड्यांच्या खालच्या कडेवर ठेवला. हाताला बाहेर ढकलेल असा संथ श्वास, तीन ते पाच सेकंद रोखून धरणे, मग सोडणे. असे दहा श्वास, थोडी विश्रांती, पुन्हा दहा, आणि शेवटी उशी पोटाला घट्ट धरून तीन वेळा खोकणे. दर तासाला. काकांच्या घरी टोले देणारे घड्याळ आहे. काकू म्हणाल्या, "आता टोला पडला की श्वास." पुढचे आठ दिवस त्यांनी तसे करवून घेतले.

पहिले तीन दिवस

शस्त्रक्रिया पाच तासांहून थोडी अधिक चालली. काकांना अतिदक्षता विभागात संध्याकाळी शुद्ध आली, आणि तिथल्या सिस्टरांच्या नोंदीनुसार त्यांनी पहिले दहा श्वास कोणी न सांगता घेतले. पाठीत वेदना शमवणारे औषध सोडणारी एपिड्युरलची नळी, नाकातून जठरात एक नळी, आतला स्राव बाहेर काढण्यासाठी पोटातून आलेला ड्रेन, लघवीची पिशवी आणि मानेतून सलाईन, अशा पाच नळ्या सांभाळून त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलंगाच्या कडेला बसवले. बसल्यावर वरचा रक्तदाब १०८ होता. उभे केल्यावर तो ८४ वर आला, चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम आला आणि लगेच त्यांना पुन्हा झोपवावे लागले. एपिड्युरलमुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि असे होऊ शकते. ते अपयश नाही, पण त्या क्षणी पाहणाऱ्याला तसेच वाटते. भूलतज्ज्ञांनी औषधाचा वेग कमी केला. दुपारी पाच मिनिटे पाय सोडून बसवले, घोटे हलवून घेतले, दर टप्प्यावर रक्तदाब पाहिला, आणि चार पावले टाकून काका खुर्चीत बसले. संध्याकाळी त्यांना वॉर्डात हलवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले तेव्हा ताप ३८.३ अंश सेल्सिअस होता. ऑक्सिजन काढल्यावर रक्तातले त्याचे प्रमाण ९१ टक्क्यांवर येत होते. डाव्या फुप्फुसाच्या तळाशी हवा जाण्याचा आवाज जवळजवळ ऐकू येत नव्हता, आणि एक्स-रेमध्ये त्याच जागी मिटलेल्या भागाचा पट्टा दिसत होता. शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसांची गुंतागुंत ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मेलबर्नच्या मोजपट्टीत आठ निकष असतात आणि त्यांपैकी चार एका दिवसात जुळले तर फुप्फुसांची गुंतागुंत झाली असे धरतात. काकांचे तीन जुळत होते: ताप, एक्स-रे आणि छातीचा बदललेला आवाज. चौथा जुळायला फारसे काही लागणार नव्हते.

ज्या माणसाने आठ दिवस टोल्यागणिक श्वास घेतले, अतिदक्षता विभागातही घेतले, त्याचे एका रात्रीत हे का झाले?

उत्तर पलंगाशेजारीच होते. खोकताना पोटाला धरायची उशी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, नातेवाइकाच्या बाकावर होती. पलंगाचे डोके सपाट केलेले होते. काका उजव्या कुशीला किंचित कलून, छाती आखडून पडले होते. रात्री त्यांच्याजवळ त्यांचा पुतण्या थांबला होता. चाकणच्या कारखान्यातली पाळी संपवून तो थेट आला होता आणि रात्रभर डोळ्याला डोळा न लावता बसून होता. काकांनी दोनदा उठून बसण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याने त्यांना हळूच खाली निजवले आणि सांगितले, "काका, जोर नका देऊ, टाके उसवतील." खोकला आला तेव्हा त्याने पाण्याने ओठ ओले करून तो थांबवला. त्याने केलेली प्रत्येक गोष्ट काळजीपोटी केली होती आणि त्यातली प्रत्येक गोष्ट आम्ही काकांना शिकवलेल्याच्या नेमकी उलट होती.

दोष पुतण्याचा नव्हता. काकूंना मधुमेह असल्याने रात्री त्या थांबणार नाहीत, हे कोणी विचारले असते तर आम्हाला पहिल्याच दिवशी कळले असते. आम्ही विचारले नाही. ज्या परदेशी अभ्यासाचा मी वर इतक्या आदराने उल्लेख केला, त्यात रुग्ण आणि फिजिओथेरपिस्ट अशी दोनच माणसे आहेत. आपल्या वॉर्डात पलंगाशेजारच्या बाकावर तिसरा माणूस असतो. पाणी द्यायचे की नाही, उठवायचे की नाही, सिस्टरांना हाक मारायची की नाही, हे रात्री तोच ठरवतो. वेदनेने आणि औषधांच्या गुंगीने मलूल झालेला रुग्ण त्याचे ऐकतो, कारण ते घरच्या माणसाचे शब्द असतात. आम्ही अभ्यासातली पद्धत जशीच्या तशी उचलली आणि ती ज्या खोलीत वापरायची होती ती खोली मात्र पाहिली नाही.

त्या सकाळी मी पुतण्याला निजायला जाऊ दिले नाही, याचे मला वाईट वाटते, पण पंधरा मिनिटे त्याला थांबवून घेतले. पोटाच्या भिंतीचा आतला पक्का थर कसा शिवतात आणि उशीचा आधार देऊन खोकल्याने तो का उसवत नाही, हे शल्यचिकित्सकांनी त्याला स्वतः येऊन सांगितले. त्यांच्या तोंडून आल्याने त्या बोलण्याला वजन आले. मग पुतण्याने उशी धरली, काका खोकले, तिसऱ्या खोकल्याला घट्ट कफ सुटला. पुतण्या दचकला. मी त्याला सांगितले की हा बाहेर पडला म्हणूनच बरे झाले. वेदनेचे औषध आता व्यायामाच्या वेळेआधी मिळावे अशी व्यवस्था केली, पलंगाचे डोके वर ठेवले, आणि उशी काकांच्या उजव्या हाताशी गाठ मारून पलंगाच्या कठड्याला बांधून टाकली. वॉर्डातल्या मावशींनाही ती तिथून हलवू नका म्हणून सांगितले.

त्या दिवशी काका दोनदा ३० मीटर चालले. पुढच्या रात्री पुतण्याने मोबाइलवर दर तासाचा गजर लावला, आणि झोप लागलेली असेल तेव्हा उठवायचे नाही, पण जाग आली की श्वास घ्यायचे, हे त्याने आमच्याकडून नीट समजून घेतले. चौथ्या दिवशी ताप उतरला, ऑक्सिजन नसतानाही प्रमाण ९५ वर राहिले आणि निकष चारपर्यंत पोहोचले नाहीत.

जिना

चालण्याचे अंतर पुढे रोज वाढत गेले, त्यात विशेष सांगण्यासारखे काही नाही. अडचण जिन्याची होती. रुग्णालयाच्या जिन्याची पायरी साधारण १६ सेंटिमीटर उंच आहे आणि सहाव्या दिवशी काका ती सहज चढले. पण वाड्याचा लाकडी जिना कसा आहे असे विचारल्यावर काकूंनी दुसऱ्या दिवशी एका कागदावर आकडे आणले. त्या घरी ब्लाउज शिवतात. शिलाईच्या टेपने त्यांनी एकूण ३४ पायऱ्यांपैकी प्रत्येक पायरी मोजली होती. खालच्या मजल्याच्या पायऱ्या २३ सेंटिमीटरच्या, त्यातल्या दोन २५ च्या, आणि कठड्याऐवजी वरून सोडलेला दोर. दोर धरून वर जाताना माणूस हाताने अंग ओढतो आणि त्याचा सगळा ताण पोटावर येतो. म्हणून आम्ही विभागातल्या २० सेंटिमीटरच्या पाटाखाली फळी घालून तो २५ चा केला आणि दोर न ओढता, भिंतीला तळहात टेकवून, मांडीच्या जोरावर चढण्याचा सराव तीन दिवस घेतला. कागदावरचे ते आकडे मिळाले नसते तर आम्ही काकांना "जिना जमतो" अशी नोंद करून घरी पाठवले असते आणि पहिल्याच दिवशी ते दोराला लोंबकळले असते.

दहाव्या दिवशी ते घरी गेले. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांनी मध्ये बसायला स्टूल ठेवले होते. काका एकदाच बसले.

पुढची नोंद

पाचव्या आठवड्यात पालखी पुण्यात आली. गर्दीत शिरू नये, एवढेच आम्ही सांगितले होते. काका पुतण्याबरोबर लक्ष्मी रस्त्यावर एका दुकानाच्या पायरीशी सुमारे चाळीस मिनिटे उभे राहिले आणि चालत परत आले. सहाव्या आठवड्यात सहा मिनिटांचे अंतर ३८२ मीटर भरले, म्हणजे शस्त्रक्रियेआधीच्या आकड्याहून १४ मीटर कमी. सातव्या आठवड्यात केमोथेरपीची पाचवी फेरी वेळेवर सुरू झाली आणि हे लिहीपर्यंत सातवी पूर्ण झाली आहे. हातापायांच्या बोटांना मुंग्या येतात, त्यामुळे जिना उतरताना पाय नीट टेकतो की नाही यावर आता आमचे लक्ष आहे.

एका रुग्णावरून काहीही सिद्ध होत नाही. कदाचित काका आमच्याशिवायही सावरले असते; त्यांच्या पायांत पूर्वीच्या वाऱ्यांची चाल होती आणि घरात काकू होत्या. तिसऱ्या दिवशीची सुधारणा कफ सुटल्यामुळे झाली, की औषधांच्या वेळा बदलल्यामुळे, की ती होणारच होती, हे वेगळे करून सांगता येणार नाही. ते कळायला पुष्कळ रुग्णांचे दोन गट पाडून, एका गटात रात्री थांबणाऱ्या नातेवाइकालाही शिकवून तुलना करावी लागेल, आणि असा अभ्यास आपल्याकडच्या वॉर्डांतच होऊ शकतो.

आमच्या पूर्वतपासणीच्या फॉर्मवर रुग्णाचे नाव, वय आणि वजन यांच्या खाली आता एक ओळ वाढवली आहे: "रात्री उशाशी कोण थांबणार? त्यांचा फोन." वर्गाला त्या व्यक्तीला यायला जमत नसेल तर आम्ही पाळी सुटण्याच्या वेळी फोन करतो, आणि उशी कशी धरायची हे त्याच्याकडून फोनवर एकदा म्हणून घेतो.